डोंगराचं पाणी

कुकर उघडला आणि भाताच्या वाफेसरशी तो जपानी इंजिनिअर आठवला. समुद्राचं खारं पाणी गोडं करायच्या प्लँटवर मी तेव्हा त्याच्या हाताखाली फिटर होतो. एकदा सुट्टीवरून येताना त्याने गावच्या झऱ्याचं बाटलीभर पाणी आणलं. "आमच्या डोंगरावरचा बर्फ वितळून हे येतं. ह्याच पाण्यात तांदूळ आंबवून साके करतात. दारू कुवेतमध्ये आणता येत नाही, म्हणून नुसतं पाणीच आणलं." मी विचारलं, "चढणार नाही ना?" तो हसला नाही. आपला पेला आपण भरायचा नाही, ही त्यांची रीत. त्याने माझा भरला, मी त्याचा. आमच्या कोकणातल्या पऱ्याच्या, म्हणजे डोंगरातल्या ओढ्याच्या पाण्यासारखंच जिभेला मऊ लागलं. पुढे तो मायदेशी गेला. आता मीही गावाहून पाण्याची बाटली आणतो, इथे कुवेतच्या हवल्ली भागातल्या माझ्या खोलीत दोन पेले मांडतो, त्याचा भरतो. माझा तसाच राहतो.