पेरांवरची बेरीज

निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि आमच्या वर्गात मोठा टीव्ही लागला. कसबा पेठेतली मराठी शाळा, मी तिसरीला शिकवायचे. टीव्ही लावला तो नेमका फळ्याच्या डोक्यावर. मी खाली लिहायला लागले की मुलांचे डोळे वर.

मोबाईल मी माझा मीच शिकले. कुणाला विचारावं तर ते हातातून काढून घेतात, भराभर बोटं फिरवतात आणि "झालं" म्हणून परत देतात. त्यात काय कळणार? मग चुकत चुकतच शिकत गेले. एकदा तर पालकांच्या ग्रुपवर गृहपाठाऐवजी आमच्या घरच्या वांग्याच्या भरताचा फोटो गेला. असो.

तर टीव्ही वर्गात कसा वापरायचा याचं प्रशिक्षण द्यायला एक तरुण मुलगी आली होती, माझ्या सुनेच्या वयाची. तिचं म्हणणं असं की, मूल उत्तर काय देतं ते आपण रोज बघतो, पण ते उत्तरापर्यंत कसं जातं ते दिसायला हवं. मुलाला गणित बोलून सोडवायला लावा. चेहरा नको, फक्त हात आणि वही येईल असा मोबाईल ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी ते वर्गाला पडद्यावर दाखवा. माझ्या शेजारच्या बाई पुटपुटल्या, "आता डोकी उघडून दाखवायची तेवढी राहिलीत." मी हसले. पण मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

मी एक अबोल मुलगी निवडली. तिची आई शाळेच्या वळणावर केळ्यांची गाडी लावायची. ही बेरजेत हातचा विसरते, असं मी पहिल्या सहामाहीतच ठरवून टाकलं होतं. पालकसभेत तिच्या आईलाही चार बायकांसमोर सांगितलं, पोरगी गणितात फार कच्ची आहे म्हणून. चित्रकलेच्या तासाला सगळी मुलं रंगवत बसायची आणि हिला मी जादा बेरजा द्यायचे. तिलाच का निवडलं? चूक कशी होते ते वर्गाला नीट दिसावं म्हणून.

डस्टरच्या डब्याला मोबाईल टेकवला. अडतीस अधिक सव्वीस. ती हळूहळू बोलायला लागली, "अडतीसचे तीन आणि वर दोन. सव्वीसचे दोन आणि वर दोन. म्हणजे पाच आणि वर चार..."

मला वाटलं, झाले हिचे चोपन्न. "चूक," मी म्हणाले. "हातचा कुठे गेला?" आणि वहीकडे लाल पेन नेलं.

दुसऱ्या दिवशी तो व्हिडिओ टीव्हीवर लावला. एवढासा हात भिंतभर मोठा झाला. अंगठा बोटांच्या पेरांवरून चढत होता, एकेका बोटाची तीन पेरं, चार बोटं. माझा "चूक" आला तिथे मी थांबवलं आणि विचारलं, कुठे चुकलं ते कोण सांगेल?

पुढच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, पुढचं लावा ना. तिचं बोलणं संपलं नाहीये."

लावलं. माझ्या आवाजाच्या पाठीमागे, अगदी बारीक, ऐकू आलं, "चौसष्ट."

"ती डझनात मोजते, बाई," पुढची मुलगी म्हणाली. "गाडीवर तसंच मोजायची ती."

मी फळ्याकडे वळले. तीन डझन छत्तीस, वर दोन. दोन डझन चोवीस, वर दोन. पाच डझन आणि चार. चौसष्ट. आधीच्या वह्यांमध्येही असेच मधले आकडे बघून मी किती बेरजा पुऱ्या होण्याआधीच कापल्या असतील, देव जाणे. मी त्या अबोल मुलीला विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "तुम्ही चूक म्हणालात ना." तक्रार नव्हती त्यात. किती वाजले ते सांगावं तसं सांगितलं.

शाळा सुटल्यावर गाडीवर गेले. आईला म्हटलं, चूक माझी होती, तुमची मुलगी उत्तम मोजते. बाई केळी निवडत राहिल्या.

"आदी गाडीवर हीच मोजायची," मग त्या म्हणाल्या. "तुमी सभेत म्हनला, कच्ची हाय. तवापासनं मी तिला हात लावू देत न्हाय. गिऱ्हाईक भांडतंय ना."

मुलगी पालथ्या क्रेटवर बसली होती, सगळं ऐकत. मी म्हटलं, मला अडीच डझन द्या, आणि तिलाच मोजू द्या. आईने हो म्हणून मान हलवली.

ती उठली. पेरांवर मोजायचा हात तिने फ्रॉकच्या खिशात घातला. दुसऱ्या हाताने एकेक केळं सुटं करून पिशवीत ठेवू लागली. एक. दोन. तीन. आम्ही वर्गात मणी मोजायला शिकवतो तसं. दोनचार झाली की माझ्या तोंडाकडे बघायची.

"बघा, किती येळ लावती," आई म्हणाली.

तीसपर्यंत पोचली. मी म्हटलं, बरोबर आहेत. ती तरीही पिशवीवरचा हात काढेना.

"बाई," तिने विचारलं, "परत मोजू का?"