पाइनेमचं नाक

माझी कांद्याची पात जळाली तेव्हा मी पाइनेमला मनातल्या मनात भरपूर शिव्या दिल्या. कोवळी पात टोकाकडून पिवळी पडत गेली आणि बुडाशी मऊ होऊन आडवी झाली. कच्चं शेणखत पडलं की असंच होतं. आणि खत तयार आहे असं सांगितलं होतं पाइनेमनंच.

मेरबाबू डोंगराच्या उतारावर आमच्या वस्तीत घरामागे गोठा आणि गोठ्यामागे शेणाचा ढीग. तो कधी फोडायचा ते पाइनेमला विचारायचं. हाताला गार लागणारा ढीगही आतून कच्चा असतो, डोळ्यांना काही कळत नाही. ती मूठभर खत नाकाशी धरायची आणि "अजून झोपू दे त्याला" किंवा "ने" एवढंच म्हणायची. तिचं घर सगळ्यात वर. नवरा गेला, मुलगा दूर बाताम बेटावर कारखान्यात, सून फोनवर गोड बोलते. उरल्या दोन गाई, भाजीचे वाफे आणि टोपली. ती टोपली फडक्यानं पाठीला बांधून तिनं जन्मभर शेणखत चढावर वाहिलं. आता टोपली नसली तरी पाठ वाकलेलीच असते.

तर मी तणतणत वर गेले. गुडघे माझेही काही नवे नाहीत. वाटेत तिचे वाफे लागले, आणि पाहते तर तिचीही पात आडवी झालेली. माझ्या रागाचा जोर तिथेच जरा कमी झाला.

दारातच करपल्याचा वास नाकात शिरला. चुलीवर मक्याच्या कण्यांचा भात जळत होता आणि पाइनेम शेजारी शांत बसून शेंगा सोलत होती.

"यू, भात!" मी ओरडले. यू म्हणजे थोरली बहीण. वस्तीत तिला सगळेच यू म्हणतात.

"काय झालं भाताला?"

"जळतोय की! नाक काय गहाण ठेवलंस?"

तिनं भांडं उतरवलं. आत पाहिलं. मग झाकण ठेवून दिलं आणि पुन्हा खाली बसली.

"गेलं गं, दारमी. मागे ताप आला होता ना, त्यात गेलं. ताप उतरला, नाक काही परत आलं नाही. कॉफी पिते तर नुसतं कढत पाणी."

"आणि माझं खत हुंगलंस ते?"

"अंदाजानं सांगितलं. ढीग कधी लावलास ते आठवलं, आणि म्हटलं, झालं असेल."

"अंदाजानं? माझी पात गेली की सगळी!"

"माझीही गेली."

"मग आधीच सांगायचं ना, नाक गेलंय म्हणून!"

"सांगितलं असतं तर तू वर आली असतीस?"

इतका चढ मी तिच्याकडे खताशिवाय आणखी कशासाठी कधी चढले होते ते आठवत बसले. सापडलं नाही. तिच्यावर रागवावं की तिच्याजवळ बसावं, काही कळेना, आणि दोन्हीचा सारखाच कंटाळा आला होता.

मग एकदम ध्यानात आलं. "खालच्या घरच्या पार्जोलाही 'ने' म्हणालीस?"

"कालच."

"अगं, तो आज फोडतोय ढीग! सगळ्या उतारावर पात लावलीय त्यानं."

ती भिंतीला धरून उठली. मी म्हटलं, "तू बस, मी सांगते त्याला." तर म्हणाली, "नको. नाक माझं होतं, तोंडही माझंच असू दे."

उतरताना ती माझ्या खांद्याला धरून चालली. पार्जो टोपल्या भरत होता. तिला बघून खूश झाला.

"या, या! यू स्वतः खाली! आता तर पात कमरेएवढी येणार!" म्हणत त्यानं मूठभर खत तिच्या नाकाशी नेलं.

पाइनेमनं त्याचा हात खाली केला. "ढिगात टाक परत. मला वास येत नाही, पार्जो. काल मी नुसतं हुंगल्यासारखं केलं."

तो हसला. त्याला थट्टा वाटली. मग तिच्या तोंडाकडे पाहून त्यानं स्वतःच मूठ हुंगली आणि मान झटकन मागे घेतली. भरलेल्या टोपल्या एकेक करून ढिगावर रिकाम्या करायला लागला. "चहा घेऊन जा, यू," म्हणाला, पण मान वर न करता. आम्ही थांबलो नाही.

परतीचा चढ तिला झेपत नव्हता. ती घडीघडी थांबायची, मीही थांबायचे. वस्तीतल्या ढिगांजवळून आम्ही गेलो, बायकांनी हात हलवले. अजून त्यांना ठाऊक नव्हतं, संध्याकाळपर्यंत होणार होतं. पाइनेम प्रत्येकीला मान डोलावत होती.

दारात पोचल्यावर मी म्हटलं, "उद्या येते."

"कशाला?"

"अशीच."

"अशी कधी कोणी येत नाही इथं," ती म्हणाली. चिडून नाही, गाईनं आज दूध कमी दिलं असं सांगावं तसं म्हणाली. मग आत गेली आणि करपलेला भात खरवडायला बसली.