गाडी थंड करून आण

थंडे चाचांच्या गॅरेजात गाडी नेली की पान्याला हात लावायच्या आधी ते बॉनेटवर तळहात ठेवत. आजाऱ्याचा ताप बघावा तसे डोळे मिटून थोडा वेळ उभे राहत आणि म्हणत, "गरम हाय. थंड करून आण." आता चालवत आणलेली गाडी थंड कशी असणार, असं काशीदपासून मुरूडपर्यंतच्या प्रत्येक पिकअपवाल्याने त्यांना कधी ना कधी विचारलं असेल. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "मग ठेवून जा. सकाळी ये." त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर असेल, आम्हाला त्याची कधी गरज पडली नाही.

गॅरेज म्हणजे सुरूच्या बनाच्या कडेला टाकलेले चार पत्रे. खाली वाळू, वर सुरूची सळसळ, आणि पलीकडे समुद्र. तिथे बसलं की आपण गाडी दुरुस्त करायला आलोय हेच विसरायला व्हायचं. चाचांनी बावीस वर्षं आखातात ट्रकांची इंजिनं खोलली होती. "तिकडं इंजिन कधी पुरतं थंड व्हायचंच न्हाय," ते सांगत. "लोखंड सदा तापलेलं. थंड इंजिन ऐकायला मला घरी यायला लागलं." गरम इंजिन झूठ बोलतं, दिवसाचं पहिलं सुरू होणंच तेवढं खरं, असा त्यांचा विश्वास होता.

माझी पिकअप मासळीची. पहाटे जेट्टीवरून टोपल्या भरायच्या आणि उन्हाच्या आत अलिबागच्या बाजारात पोचायचं. एका वर्षी थंडीत गाडीने मला रडवलं. सकाळी सुरू व्हायची, दोन मिनिटं बरी चालायची आणि मग अंगात हीव भरल्यासारखी थरथरायची. पांढरा धूर, आचके, कधी बंदच पडायची. मैलभर गेली की पुन्हा शहाणी. दोन मिस्त्रींनी हीटर प्लग बदलले, नोझल साफ केले, फरक शून्य. मी पडलो तापट. एका सकाळी गाडीच्या चाकाला लाथ मारली, आठवडाभर लंगडलो आणि ठरवलं की आता बस झालं. मावसभावाने कतारमध्ये ड्रायव्हरची नोकरी बघून ठेवलीच होती. शुक्रवारी गिऱ्हाईक गाडी बघायला येणार होतं. बायको धाकट्या लेकीला मांडीवरून खाली ठेवेना.

गाडी चालती दिसली तर बरी विकली जाईल, एवढ्याच हिशेबाने मी चाचांकडे गेलो. त्यांनी हात ठेवला, डोळे मिटले. मी लंगडत होतो तेही त्यांनी पाहिलं असणार. म्हणाले, "ही इथं कशाला ठेवतोस? मीच येतो. ती झोपते कुठं ते बघायला हवं."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ते चालत आले, ओट्यावर बसले आणि काळा चहा मागून घेतला. माडांमधून धुकं अजून उठलं नव्हतं. मी चावी घेऊन घाई करत होतो आणि ते नुसते गाडीकडे बघत होते.

"रोज अशीच उभी असते? नाक वर?"

"व्हय," मी जरा ऐटीतच सांगितलं. "चढावर लावली की बर्फाचं पाणी मागून निथळून जातं. आम्ही मासळीवाले सगळे अशीच लावतो."

ते हसले. "पाण्याबरोबर डिझेल पण मागं जातंय रे बाबा."

त्यांनी सगळं शांतपणे समजावलं. टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपाला कुठेतरी केसाएवढी चीर असणार. तिच्यातून डिझेल बाहेर गळत नाही, उलट हवा आत जाते. नाक वर असलं की रात्रभरात डिझेल हळूहळू टाकीकडे उतरतं आणि सकाळी इंजिनाच्या घशात हवा येते. मी म्हटलं, मग बदला पाइप. "सबर. आज तिला उताराला झोपव."

तशी लावली. दुसऱ्या सकाळी ती पहिल्याच चावीला सुरू झाली आणि एकसारखी चालत राहिली. मला हसावं की रडावं कळेना. मग तिसऱ्या दिवशी त्यांनी मुद्दाम पुन्हा चढावर लावायला सांगितलं आणि सकाळी फिल्टरच्या तोंडाशी पाइपाचा पारदर्शक तुकडा बसवला. गाडी सुरू केली तसे त्यातून बुडबुडे धावू लागले, एकामागून एक, भरतीच्या कडेला फुटतात तसे. आम्ही दोघं वाकून बघत राहिलो. शेवटी मिठाच्या पाण्याने गंजलेल्या क्लिपेखाली ती चीर सापडली. जुना पाइप काढून नवा घालायला त्यांना पाव तासही लागला नाही.

हात पुसताना ते म्हणाले, "माझी पोरगी चालायला लागली, ते मी फोनवर ऐकलं. पायातले घुंगरू ऐकवले मला." मग पाना पेटीत टाकत म्हणाले, "जायचं तर जा. पण गाडी बिघडली म्हणून जाऊ नकोस. ती आता बरी हाय."

शुक्रवारी गिऱ्हाईक आलं, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

पुढे चाचांनी अंथरूण धरलं. गॅरेजचे पत्रे उतरले. एकदा भेटायला गेलो तर म्हणाले, "काही ऐकू येत न्हाय रे आता. म्हणजे कान हायेत, पण ऐकण्यासारखं काही न्हाय." त्या दिवसापासून मी पिकअप त्यांच्या खिडकीखाली लावू लागलो, नाक उताराला करून. पहाटे चावी फिरवायची, इंजिन दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं आणि वाट बघायची. आतून आवाज यायचा, "बरी हाय. जा." मग मी जेट्टीकडे निघायचो. ते ऐकल्याशिवाय माझा दिवस सुरू होईना.

एका सकाळी गाडी नेहमीसारखी पहिल्याच चावीला सुरू झाली. दोन मिनिटं झाली, पाच झाली. इंजिन तापलं, तरी आतून कुणी जा म्हणालं नाही. मी गाडी बंद केली आणि घरात गेलो. त्या दिवशी जेट्टीवर सगळ्या टोपल्या माझी वाट बघत राहिल्या.