मोठ्या आईचे तीन ड्रम कोणी सांडले?

अन्याय झाला तो माझ्या मोठ्या आईवर, म्हणजे थोरल्या काकूवर. मागच्या मे महिन्यात, तिच्या लेकीच्या, वैशूताईच्या साक्षगंधाच्या (तुमच्याकडचा साखरपुडा) आदल्या दिवशी, गुरुवारी सकाळी सव्वानऊ वाजता. अन्याय करणारीचं नाव, पत्ता आणि घोषणा देतानाचा आवाज मला चांगला ठाऊक आहे. ती मीच.

(एरवी माझ्या पत्रकात पहिल्या ओळीत सरपंच असतो, दुसरीत ग्रामसेवक. या वेळी दोघंही निर्दोष आहेत. हे लिहिताना हात जड झाला, पण लिहिलं.)

तर प्रकरण असं. दिग्रसहून पुसदकडे जाणारी बस जिथे हात दाखवला तरच थांबते, ते आमचं गाव. नळ आठवड्यातून एकदा, गुरुवारी दुपारी. गल्लीत दोघांना डेंग्यू झाला आणि आशाताईंनी आरोग्य केंद्राचं माहितीपत्रक माझ्या हातात ठेवलं. "प्रगती, तुह्या मंडळातले पोट्टे घे अन् घरोघरी वाटून टाक."

आता, दुसऱ्याचं पत्रक जसंच्या तसं वाटणं माझ्या तत्त्वात बसत नाही. शिवाय ते फारच मिळमिळीत होतं! त्यात कामाच्या ओळी दोनच. पहिली : आठवड्यातून एक दिवस पाण्याची सगळी भांडी रिकामी करा, घासा, कोरडी करा. दुसरी : नळ रोज येत नसेल तर पाणी फेकू नका, भांड्यांना घट्ट कापड बांधा.

मी दुसरी ओळ गाळली.

"काहून गाळली?" मंगेशनं विचारलं. (मंगेश आमच्या मंडळाचा सचिव. फोटो तोच काढतो आणि मोटरसायकल त्याची आहे, म्हणून सचिव.)

"पळवाट ठेवली की लोक पळवाटेनंच जातात. पत्रक कसं पाहिजे? एक मागणी, एक घाव!"

वर मथळा दिला : 'डासांनो, चालते व्हा!' खाली ठळक अक्षरात : 'आजच ड्रम पालथा करा!' बुधवारी संध्याकाळी सगळ्या गल्लीत वाटलं आणि गुरुवारी सकाळी जाहीर सुरुवात ठेवली, अर्थातच घरापासून. आमचं आणि मोठ्या आईचं अंगण एकच. आमच्या अंगणात आमची एक टाकी, ती गळकी, त्यामुळे कायमच कोरडी. फोटोत काय दाखवणार? मोठ्या आईच्या भिंतीला मात्र तीन निळे ड्रम काठोकाठ भरलेले. दुसऱ्या दिवशी मारेगावहून चाळीस पाहुणे यायचे होते, म्हणून आठ दिवस तिनं भाजी धुतलेल्या पाण्यानं ओटा धुतला होता आणि ओटा धुतलेल्या पाण्यानं तुळस जगवली होती.

मोठी आई चक्कीवर दळण आणायला गेली होती. घरात एकटी वैशूताई, दोन्ही हात मेंदीनं भरलेले.

"प्रगते, हात नको लावू! आई येऊ दे!" ती खिडकीतून ओरडली.

"ताई, समाजकार्यात घरचं-बाहेरचं पाहायचं नसतं!"

"अवं पण उद्या माह्यं साक्षगंध हाय!"

"आणि डेंग्यू झाला तर?"

यावर तिच्याकडे उत्तर नव्हतं. (उत्तर होतं. ते मी गाळलेल्या ओळीत होतं.)

ड्रमांना जुन्या लुगड्याची फडकी बांधलेली, गाठी इतक्या पक्क्या की सोडायला मंगेशचे दात लागले. आत पाणी असं की तळावरचा कंपनीचा शिक्का वाचता यावा. अळी औषधालाही नव्हती! मी काडीनं ढवळून पाहिलं, एखादी तरी निघेल म्हणून. नाही. इथं शहाणी पोरगी थांबली असती. पण गल्ली जमली होती, मंगेशनं मोबाईल धरला होता आणि मी मूठ आधीच वर केली होती.

धडाम! धडाम! धडाम! शेजारच्या शेळ्या आयुष्यात पहिल्यांदा पोटभर पाणी प्यायल्या. मी पालथ्या ड्रमावर उभी राहून फोटो काढून घेतला आणि लगेच माझ्या नि ताईच्या, दोघींच्या स्टेटसला ठेवला.

तेवढ्यात पिठाचा डबा डोक्यावर घेऊन मोठी आई आली.

"हे काय करून राह्यली वं?"

"कोरडा दिवस, मोठी आई! डास..."

"माह्या ड्रमात डास होते?"

"नव्हते. पण होऊ शकले असते!"

तिनं डबा खाली ठेवला. चिखलात पडलेली तीन फडकी उचलली आणि बादलीत एकेक पिळली. तांब्याभर पाणी निघालं. ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्याकडे ओरडण्याला उत्तरं तयार असतात.

"दुपारी नळ येतेच की," मी म्हटलं.

दुपारी नळ आला नाही. पंपाची मोटर जळली होती. मी ताबडतोब निवेदन लिहायला बसले. मोठेबाबा, म्हणजे वैशूताईचे बाबा, दारात उभे राहून बघत होते.

"काय लिहून राह्यली?"

"ग्रामपंचायतीला निवेदन. सात मागण्या!"

"एक मागणी माही बी टाक. पोट्टीले पेन नका देऊ म्हणा."

मग मी घागर घेऊन गल्लीत निघाले. पहिलं घर, ड्रम पालथा. दुसरं घर, ड्रम पालथा. तिसऱ्या घरी टाकी घासून, पुसून उन्हात वाळत घातलेली! माझी आजवरची पत्रकं लोकांनी पोहे खायला वापरली होती. हे एकच वाचलं होतं, आणि अख्ख्या गल्लीनं अमलात आणलं होतं! मोहीम शंभर टक्के यशस्वी!

"तूच तं सांगतलं बाई," कोपऱ्यावरची म्हातारी म्हणाली. "पयल्यांदाच ऐकलं तुह्यं."

शेवटी मोठेबाबांनी बैलबंडी जुंपली आणि तांड्यावर गेले. तिथल्या शेवंताबाईंनी दोन ड्रम पाणी दिलं. त्यांच्याकडे होतं, कारण माझं पत्रक तिथवर पोचलंच नव्हतं. (तांडा दोन किलोमीटर, वर ऊन. उपेक्षितांपर्यंत पोचायचा ठराव आम्ही पुढच्या महिन्यावर ढकलला होता.)

चाळीस पाहुणे, दोन ड्रम. स्वयंपाक झाला, पण पंगतीत अर्धा-अर्धा गिलास. नवऱ्या मुलाच्या आई दोनदा पाणी मागून बसल्या. तिसऱ्यांदा त्यांनी पाणी मागितलं नाही, मोबाईल काढला. वैशूताईचा नंबर मुलाकडे, ताईचं स्टेटस त्याच्याकडे, आणि त्यानं ते आदल्याच दिवशी आईला पाठवलेलं. आणि ताईच्या स्टेटसला, माझ्याच हट्टानं, माझा फोटो!

"काहो विहीणबाई," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पाहुण्याले अर्धा गिलास, अन् अंगणात नदी? कोणाचं काम हे?"

साडीचं ताट पाटावर तसंच राहिलं. मुलाच्या काकांनी पान खायचं थांबवलं. वैशूताईची मान खाली, मेंदीचे हात मांडीवर उलटे.

"मीच सांगतलं पोरीले," मोठी आई म्हणाली. "शिळं पाणी होतं, फेकून दे म्हटलं. चुकलंच माह्यं."

जी बाई ओली फडकी पिळून तांब्या भरते, ती चाळीस माणसांपुढं असं म्हणाली.

"मंग लेकीले तरी पाणी जपाले शिकवजा. आमच्याइकडं असं नाई चालत."

"शिकवतो," मोठी आई म्हणाली.

आणि मी? ग्रामसभेत सरपंचाच्या हातून माइक हिसकावणारी मी? मी खरं बोलायला तोंड उघडलं आणि त्यात बुंदीचा लाडू घातला.

लग्न झालं. वैशूताई मारेगावात सुखात आहे, एवढंच की ती भांडी घासायला बसली की सासूबाई मागं उभ्या राहून बादली बघतात. "आईचं वळण हाय," म्हणतात. एकदा मी त्यांना फोन लावला होता. मोठ्या आईनं हातातून काढून घेतला.

"राहू दे. आता कायले उकरतं? तुह्यं बी लग्न व्हाचं हाय अजून."

बाकी ती मला आजवर काही बोलली नाही. फक्त मी अंगणात आले की उठते, ड्रमाच्या झाकणावर जाऊन बसते आणि तिथूनच विचारते, "चहा घेतं का?"

म्हणून वाचकहो, मागणी एकच, आणि ती तुमच्याकडे. मारेगावात तुमचं कोणी असेल तर त्या विहीणबाईंना गाठा. सांगा, की ड्रम मोठ्या आईनं सांडले नाहीत, सांडायलाही सांगितले नाहीत. ती चक्कीवर होती आणि ड्रमांना कापड बांधलेलं होतं. सांडले ते प्रगतीनं. आणि सांगाल ते सगळं सांगा, मधली एकही ओळ गाळू नका. त्या कामाला गावात मी आहे!