दादाच्या छातीची प्लेट

आमच्या घरात क्षय कुणाला झालाच नव्हता. दादाला झाला होता तो टायफॉइड. आईने हे एकदा ठरवलं आणि आम्हा सगळ्यांकडून घोकून घेतलं. दादा मॅट्रिकला असताना त्याच्या खोकल्यातून रक्त पडलं होतं. ठाण्याच्या एका डॉक्टरांनी छातीची एक्स-रे प्लेट काढली, दिवसाआड इंजेक्शनं टोचली. मग हवापालटासाठी टिटवाळ्याला खोली घेतली, तिथे आई त्याच्याजवळ राहिली आणि वर्षभराने तो चांगला गुटगुटीत होऊन डोंबिवलीला परत आला. विचारणाऱ्या प्रत्येकाला आईचं उत्तर एकच, "टायफॉइड हो, उलटला होता." उलटला तरी टायफॉइड वर्षभर मुक्काम करत नाही, हे लोकांना कळत नव्हतं थोडंच! पण घरात मी होते, पुढेमागे लग्नाची, आणि क्षयाच्या घरातली मुलगी कोण करणार? ती प्लेटसुद्धा आईने घरात येऊ दिली नाही. डॉक्टरांना म्हणाली, तुमच्याकडेच असू दे.

दादा पुढे रसायनशास्त्र घेऊन एम.एस्सी. झाला आणि त्याला अमेरिकेतल्या एका विद्यापीठाने प्रवेश दिला. पहिल्या वर्षाच्या मुलांकडून प्रयोग करून घ्यायचे, त्या बदल्यात फी माफ आणि राहण्याजेवण्यापुरता पगार. तिथल्या प्राध्यापकांनी स्वतः लिहिलं होतं की सप्टेंबरात कॉलेज उघडायच्या आत ये. गेल्या वर्षी असाच एक हिंदुस्थानी मुलगा व्हिसाच्या घोळात अडकला, शेवटपर्यंत आलाच नाही, आणि त्यांची प्रयोगशाळा वर्षभर लंगडत चालली. या खेपेला उशीर झाला तर जागा दुसऱ्याला जाईल. बाबा कल्याणला रेल्वेच्या कचेरीत कारकून. अशी संधी पुन्हा दारात येणार नव्हती, हे आम्हाला कुणी सांगायला नको होतं.

बाकी सगळं पार पडलं. पासपोर्ट झाला, देवीची लस झाली. शिक्षण संपलं की परत येणार, हेही दादाने वकिलातीत लिहून दिलं. सगळ्या नियमांत आईला आवडलेला तेवढा एकच. "म्हणजे ठेवून नाही ना घेणार? बरं झालं बाई!" मग राहिली छातीची प्लेट. क्षयाच्या माणसाला तो देश आत घेत नव्हता, म्हणून वकिलातीने नेमलेल्या मुंबईच्या डॉक्टरांकडे प्लेट काढून घ्यावी लागे. दादाच्या प्लेटमध्ये उजवीकडे वर एक डाग दिसला. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी काही मोठं दुखणं? आणि आमचा हुशार दादा, रसायनशास्त्राचा एम.एस्सी., पटकन म्हणाला, "टायफॉइड."

इतक्या वर्षांची घोकंपट्टी, दुसरं काय होणार! डॉक्टरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि सांगितलं की डाग नवा की जुना हे एका प्लेटवरून ठरत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा ये. तोपर्यंत व्हिसा नाही. जुनी प्लेट कुठे असेल तर मात्र घेऊन ये, दोन्ही ताडून पाहू.

सहा महिने म्हणजे जागा गेली. आणि जुनी प्लेट होती ठाण्याला.

तीही आणता आली असती, पण मध्ये माझं लग्न होतं. साखरपुडा वैशाखात झाला होता, लग्न मार्गशीर्षात होतं. मुलगा बँकेत, घराणं चांगलं, मला नाव ठेवायला जागा नव्हती. साखरपुड्यानंतर त्या लोकांनी बिऱ्हाड बदललं आणि कुठे जावं, तर ठाण्यात खोपटच्या रस्त्याला त्याच डॉक्टरांच्या माडीवर! खाली दवाखाना, वर माझं होणारं सासर. हे कळलं तेव्हा आईने देव पाण्यात घालायचेच काय ते बाकी ठेवले होते.

"त्या दवाखान्याची पायरी चढायची नाही," आईने दादाला बजावलं. "वरच्या गॅलरीत हिची सासू दिवसभर बसलेली असते. झाकली मूठ आहे ती झाकलेलीच राहू दे."

बाबा पान लावत बसले. पान लावत बसले म्हणजे ते काही बोलणार नाहीत, हे ठरलेलं. दादा म्हणाला, "जाऊ दे. हिचं लग्न होऊन जाऊ दे आधी. अमेरिका काय, पुढच्या वर्षी बघू."

मी मुळातच तापट. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "माझ्या नावावर बिल फाडू नकोस," मी म्हटलं. "जन्मभर तू कुठल्यातरी कॉलेजात काचेच्या नळ्या धुणार आणि माझ्याकडे बघून उसासे टाकणार, होय ना? मला नाही ते ओझं झेपायचं. उद्या आपण दोघं जाणार आहोत."

"तोंड आवर," आई म्हणाली.

"तू आवर तुझा टायफॉइड!" मी म्हटलं. आईने हातातलं उलथणं माझ्या दिशेने भिरकावलं. लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलोच. गॅलरीत कुणी दिसलं नाही, म्हणून आम्ही पटकन आत शिरलो. डॉक्टरांनी दादाला ओळखलं, मुंबईचा रिपोर्ट वाचला आणि कपाळावर हात मारला. "टायफॉइड सांगितलंस? शहाणाच आहेस! खरं सांगितलं असतंस तर त्यांनी त्याच दिवशी इकडे पाठवलं असतं तुला." मग त्यांनी कपाटामागे हात घालून धुळीने भरलेली पाकिटं उपसली, दादाची प्लेट काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. डाग होता. रिपोर्टात लिहिलेल्याच जागी, तेवढाच. "मेलेला डाग आहे हा. कधीच वाळला," ते म्हणाले आणि सोबत चिठ्ठी लिहून दिली. दादा ती चिठ्ठीच वाचत उभा राहिला. मी ते पाकीट त्याच्याकडून काढून घेतलं.

बाहेर पडलो आणि वरून हाक आली, "अगं, तुम्ही दोघं इथे कसे? वर या, चहा घ्या."

नाही म्हणायची सोय नव्हती. वर गेलो. होणाऱ्या सासूबाई, सासरे आणि तो स्वतः, सगळेच घरी, रविवार होता. माझ्या हातातलं भलंमोठं पाकीट कुठे लपवणार? त्या बाईंची नजर त्याच्यावरच. "कुणाला बरं नाही का?"

दादा म्हणाला, "नाही, म्हणजे, मला मागे टायफॉइड..."

"क्षय," मी म्हटलं. "याला शाळेत असताना क्षय झाला होता. बरा झाला. या डॉक्टरांनीच बरा केला. अमेरिकेचा व्हिसा मिळायला ही जुनी प्लेट दाखवावी लागते, ती न्यायला आलो होतो."

दादाच्या हातात चहाचा कप होता, तो त्याला ठेवावा की प्यावा कळेना. सासूबाई पदर सावरून अगदी शांतपणे म्हणाल्या, "मग हिचीही प्लेट काढून घ्यावी लागेल. घरातलाच आजार. परदेशी लोक दोन वर्षांसाठी मुलगा घेताना छाती तपासून घेतात. आम्ही तर जन्मासाठी सून घेतोय. आमचं काही चुकलं का?"

खरं सांगते, त्यांचं चुकलं नव्हतं. पण माझी कानशिलं तापली होती. "काढते की," मी म्हटलं. "पण मग यांचीही काढा. मलाही जन्मच काढायचाय."

'यांची' म्हणताना मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसेल असं मला वाटलं होतं. निदान 'काढू की, त्यात काय' असं म्हणेल. तेवढं म्हणाला असता तर मी त्याच दिवशी दहा प्लेटी काढून दिल्या असत्या. तो वडिलांकडे बघत राहिला. मला तो आवडला होता हो. तोपर्यंत खूप आवडला होता.

घरी आल्यावर आईने मला जे बोलायचं ते बोलून घेतलं. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं, इथपासून सुरुवात झाली. मग ती माझ्याशी बोलेनाशी झाली. दादा प्लेट घेऊन मुंबईला डॉक्टरांकडे गेला, त्यांनी दोन्ही ताडून पाहिल्या, पण टायफॉइडचं खोटं आता कागदावर आलं होतं. वकिलातीतल्या साहेबाने त्याला पुन्हा समोर बोलावलं. तो जाईपर्यंतचे दिवस घरात जेवणं झाली, पण कुणाला चव कळली नाही. ठाण्याहून काही निरोप नव्हता. मी रोज संध्याकाळी बाबांच्या तोंडाकडे बघायचे. ते पान लावत बसायचे.

वकिलातीच्या दिवशी दादा दिवेलागणीला परत आला आणि दारातूनच म्हणाला, "मिळाला!" आईने उठून देवापुढे साखर ठेवली. मी त्याला धरून गदागदा हलवलं. "सांग ना, काय काय झालं ते!"

तो सांगू लागला. साहेबाने आधी तेच विचारलं, तुला आजार ठाऊक होता, मग खोटं का बोललास?

"मी म्हटलं, बहिणीचं लग्न ठरलंय. हा आजार कळला असता तर ते मोडलं असतं, म्हणून आम्ही घरातले सगळेच टायफॉइड सांगतो. तो म्हणाला, मग आता प्लेट आणलीस, त्या लोकांना कळलं असेल की. म्हटलं, कळलं. तो म्हणाला, मग लग्न? मी म्हटलं..."

दादा थांबला.

"काय म्हणालास?"

"म्हटलं, काल मोडलं."

मी बाबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तुझे सासरे काल कचेरीत येऊन गेले. म्हटलं, याचं काम होऊन जाऊ दे, मग तुला सांगू." आई देवापुढून हलली नाही, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

साहेबाने म्हणे पेन खाली ठेवलं, तुझ्या बहिणीला माझ्याकडून सॉरी सांग म्हणाला आणि शिक्का मारला. माझं लग्न मोडलं हे त्या गोऱ्या माणसाला माझ्याआधी कळलं होतं.