टाकी भरेल शे!

ब्रह्मदेवानं आधी टाकी घडवली आणि उरल्यासुरल्या मातीतून माणूस, अशी माझ्या मामेसासऱ्यांची पक्की समजूत आहे. जन्मभर सुरतेत कापडाचे लूम चालवले, आता तिथंच नवागामला आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात आणि गच्चीची किल्ली गळ्यात बांधून अख्ख्या बिल्डिंगच्या टाक्या सांभाळतात. सांभाळा म्हणून कुणी अक्षता दिल्या नव्हत्या. टाकीशिवाय या माणसाला दुसरा शब्दच सुचत नाही. जेवले की पोटावर हात फिरवून "टाकी फुल!" नातू नापास झाला, "वरनी टाकी रिकामी शे." मामी बिचारी रडली, तर "टाकी गळाले लागनी." टाकी भरली की घंटा वाजते असं यंत्र आणू म्हटलं, तर माझ्यावरच डोळे वटारले. "काब्र जवाईबापू, मी मरेल शे का?"

यांचं यंत्र म्हणजे बोट. टाकीवर ठोकायचं. बद्द वाजली तर भरलेली, ढण्ण वाजली तर रिकामी. एवढं साधं, पण रोज चुकायचं! आणि तोरा असा, की जणू तापी यांनीच अडवलीय.

माझ्या मुलीच्या हळदीला मात्र कहर झाला. धुळ्याचे व्याही आधीच नाकानं कांदे सोलणारे. मामांनी सकाळी टाकी ठोकून, भरलीय म्हणून गल्लीभर आरोळी दिली, "भरेल शे!" आणि तासाभरात व्याही तोंडाला साबण फासून, डोळे मिटून मोरीत बोंबलताहेत, "अहो, पाणी!" माझी अब्रू गेली ना हो! मी तरातरा गच्चीवर गेलो, किल्ली मागितली. मामांनी दोरा गळ्यातून काढला, पण हातातून सोडवेना. "एक डाव आयका तरी," म्हणाले आणि कोरड्या टाकीवर बोट ठोकलं. ती अशी ढणाणली की कठड्यावरची कबुतरं उडाली. मामांनी टाकीला कान लावला, माझ्याकडे समाधानानं बघितलं. "भरेल शे."

लुमांच्या खडखडाटानं कान कधीच खाल्ले होते. त्या कानांना प्रत्येक टाकी भरलेलीच.

किल्ली त्यांच्याच गळ्यात आहे. मी दुसरी करून घेतलीय. सकाळी गुपचूप वर जातो, झाकण उघडून बघतो, मोटर लावतो, आणि टाकी काठोकाठ भरली की मामांना वर पाठवतो. ते ठोकतात, आरोळी देतात. मी खालून ओरडतो, "बरं झालं मामा, तुम्ही बघितलंत!"

खालचं त्यांना ऐकू येत नाही. तरी ओरडतो.