साडभाऊ ॲरे शिकतात

जगातल्या प्रत्येक वस्तूला तिची ठरलेली जागा असते आणि ती जागा आपल्याशिवाय कोणालाच ठाऊक नसते, अशी ठाम समजूत असलेला एकच माणूस देवाने घडवला. तो अल्लीपूरला राहतो आणि माझा साडभाऊ आहे. म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा; मलाही तो साडभाऊच म्हणतो. साठी उलटलेली, घरची शेती, गोठ्यात पाच म्हशी. म्हशींच्या दावणीच्या जागासुद्धा ठरलेल्या. एकदा गड्याने दोघींची अदलाबदल केली, तर साडभाऊ भरल्या ताटावरून उठले आणि त्या परत बदलून बांधून आले. म्हशींची काही तक्रार नव्हती. आमच्याकडे बोरगाव मेघेला आले की पाणी पिण्याआधी ते दारातल्या चपला जोडीने, लहानापासून मोठ्यापर्यंत लावतात. आमच्या वास्तूच्या जेवणात माझा एक मित्र बसलेल्या पंगतीत दोन पाहुण्यांच्या मध्ये घुसला. साडभाऊ बुंदीचं भांडं घेऊन तिथेच उभे राहिले आणि मित्र उठून टोकाला जाईपर्यंत पुढे कोणाच्या पानात त्यांनी एक दाणा टाकला नाही. तो मित्र अजूनही माझ्याकडे जेवायला यायला कचरतो.

असा हा माणूस मागच्या वर्षी एका सकाळी डबा घेऊन आमच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्या गल्लीच्या तोंडाशी कंप्युटरचा क्लास आहे ना, तिथे प्रोग्रामिंगला नाव टाकलं. मला हसू आवरेना. पण कारण ऐकल्यावर ते आवरावं लागलं. त्यांची एकुलती एक मुलगी पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करते. दर रविवारी फोन व्हायचा. जेवली का, जेवली. तब्येत बरी का, बरी. मग दोन्हीकडे शांतता, आणि ठेवते म्हणून ती फोन ठेवायची. एकदा साडभाऊंनी विचारलं, दिवसभर तू करते तरी काय? ती दमलेली असावी. "तुमाले नाई समजणार बाबा," असं सहज म्हणून गेली. हे सांगताना साडभाऊ चहाच्या बशीकडे पाहत होते. "लहानपणी हे पोरगी मले बोलू देत नव्हती," ते म्हणाले. "आता आमच्यात बोलाले काही उरलंच नाई." माझी बायको उगाच भांडी आवरायला आत गेली.

क्लासातली बाकीची मुलं नुकती बारावी झालेली, आणि शिकवणारे सर साडभाऊंच्या मुलीहूनही लहान. तरी सर आले की साडभाऊ उभे राहत, म्हणून सगळ्या वर्गाला उभं राहावं लागे. सर बिचारे लाजून मागच्या दाराने आत शिरू लागले. पहिले धडे साडभाऊंनी झपाट्याने उरकले. मग आला ॲरे. सरांनी सांगितलं की एकाच जातीच्या वस्तू ठेवायची ही सलग खणांची रांग. रांगेला नाव एक, आणि प्रत्येक खणाला आपापला क्रमांक. साडभाऊंना आनंदाचं भरतं आलं. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासारखा विचार करणारं कोणी भेटलं होतं. "हे मशीन आपल्यातलं हाय," असं त्यांनी आमच्या घरी येऊन जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी सरांनी सांगितलं की खणांची मोजणी शून्यापासून होते, आणि तिथे गाडी रुतली.

आता आमच्याकडे धान्य मोजताना पहिल्या पायलीला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन असं मोजत जायचं. त्यामुळे मोजणी एकापासून सुरू होत नाही याचं साडभाऊंना नवल वाटलं नाही. त्यांनी फक्त एवढंच ठरवून टाकलं की शून्याचा खण लाभाचा, म्हणजे देवाचा; त्यात माणसाने आपला माल भरू नये. त्यांनी पाच म्हशींच्या दुधासाठी पाच खणांचा ॲरे केला, शून्याचा खण भक्तिभावाने मोकळा सोडला आणि पुढच्या चार खणांत चार म्हशींचं दूध भरलं. पाचवी गोठ्याबाहेर राहिली. प्रोग्राम चालवला, तेव्हा मोकळ्या खणात यंत्राच्या पोटात पडून असलेला भलताच आकडा बाहेर आला. दूध कोट्यवधी लिटर. सर म्हणाले, हा कचरा आहे. साडभाऊंनी मात्र पडद्याला हात जोडले.

पहिली म्हैस शून्यात ठेवा, असं सर रोज सांगत. साडभाऊ असा चेहरा करत, जणू ती बाजारात न्यायला सांगितली आहे. असं बरेच दिवस चाललं. शेवटी सर कंटाळले आणि साडभाऊही खचले. एका शनिवारी ते क्लासातून आले आणि म्हणाले, पोरगी बरोबर म्हणत होती, मले नाई समजत. त्या दिवशी ते दारातल्या चपला तशाच ओलांडून आत आले. मला खरोखर भीती वाटली.

बायकोने त्यांना मुक्कामाला ठेवून घेतलं. रविवारी आमच्या घरूनच पुण्याला फोन झाला. बोलायला दुसरं काही नव्हतं, म्हणून साडभाऊंनी पोरीला सगळी हकीकत सांगून टाकली. कोट्यवधी लिटरपाशी ती इतकी हसली की आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू आलं आणि आम्ही बाहेर येऊन फोनजवळच बसलो. मग तिने विचारलं, "बाबा, तुमी लाभ म्हणता तवा पायली रिकामी राह्यते का?"

साडभाऊंनी मोकळ्या हाताने हवेतच एक पायली ओतून पाहिली. "नाई," ते म्हणाले. "भरून राह्यते."

"मंग? नाव लाभ, पण जवारी त खरीच राह्यते न. तुमी मोजत होते आन पोत्याचं तोंड मी धरत होती. विसरले का?"

तो फोन संपेपर्यंत आमच्याकडे दोनदा चहा झाला. सोमवारी साडभाऊंनी पहिली म्हैस शून्यात बांधली आणि पाचवी आत आली. त्यानंतर ओट्यावर वाट्यांची ओळ मांडून, मध्ये एक नवी घुसवायची तर पुढच्या सगळ्या कशा सरकवाव्या लागतात, हे त्यांनी माझ्या बायकोला इतक्या वेळा समजावलं की आता तिलाही ॲरे येतो.

क्लास संपला. सकाळी त्यांच्या येण्याची सवय झाली होती, ती मोडायला आम्हाला वेळ लागला. मागच्या महिन्यात राहवलं नाही, म्हणून मीच अल्लीपूरला गेलो. रविवार होता. साडभाऊ ओसरीवर फोन कानाला लावून बसले होते. "नाई माय," ते म्हणत होते, "अजून नाई समजलं मले. ते शून्यापासून काऊन मोजतेत, परत सांग बरं." पलीकडून ती समजावू लागली; तिचा आवाज मलाही ऐकू येत होता. समजावता समजावता ऑफिसातल्या कटकटींवर आली, तिथून खोलीतल्या मैत्रिणीवर, तिथून डब्यातल्या बेचव भाजीवर. साडभाऊ डोळे मिटून हो, हो म्हणत होते.

फोन संपल्यावर मी म्हणालो, "भाऊ, तुम्हाला तर हे केव्हाच समजलं आहे."

त्यांनी बंद फोन सदऱ्याने पुसला.

"समजलं म्हटलं, त ते फोन ठेवून देते न, साडभाऊ."